चाकांवरची मोरी

“अण्णा, चाकं कशाला असतात?”

हा प्रश्न माझा नव्हे. तो रूपश्री आणि हेमलता या माझ्या दोन मैत्रिणींचा. घरी पाहुणे असताना, मोठ्यांदा आणि अजिबात न हसता मी तो माझ्या वडिलांना विचारून दाखवला, तर त्या मला जयनगरात नेऊन मसाला डोसा चारणार होत्या. त्यांना वाटलं, ही कसली विचारतेय! पण मागच्याच महिन्यात अख्ख्या शाळेसमोर मी कन्नडमधून भाषण ठोकून बक्षीस आणलं होतं, आणि तेव्हापासून मला जगात कुणाचंच भय उरलेलं नव्हतं. पाहुणे म्हणजे तरी कोण, समोरच्या घरातले हणमंतकाका आणि सुनंदाक्का. हणमंतकाकांचं कापडाचं दुकान आहे, जीप आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे.

अण्णांची कॉफी बशीतच राहिली. “चाकं? चाकं फिरायला असतात.”

“मग आपली का फिरत नाहीत?”

यावर सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर आमच्या जे. पी. नगरच्या घराला लागून जो रिकामा प्लॉट आहे, त्यात आमचा डबा उभा होता. अण्णा त्याला ‘कॅम्पर’ म्हणतात, आई ‘ते’ म्हणते आणि गल्ली ‘सूर्यकांतरावांचा डबा’ म्हणते. अण्णांच्या फॅक्टरीत यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. त्याचा गेस्ट हाउसवर विश्वास नव्हता, म्हणून तो आपलं चाकांवरचं घर बोटीतून घेऊन आला, त्यात राहिला आणि जाताना इथेच टाकून गेला. फॅक्टरीने त्याचा लिलाव काढला. त्या लिलावात बोली लावणारे अण्णा एकटेच होते. जन्मात पहिल्यांदा ते कशात तरी पहिले आले.

आत सगळं होतं. दोन बाकं, घडीचं टेबल, एवढंसं कपाट, आणि कोपऱ्यात स्टीलचं सिंक, सिंकवर खिडकी. नव्हती ती फक्त डबा ओढायला गाडी. आमच्याकडे स्कूटर आहे. स्कूटरला डबा बांधायचा विचार अण्णांनी कधी केला नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

“फिरणार, फिरणार,” अण्णा घसा साफ करत म्हणाले. “दसऱ्याच्या सुट्टीत कारवारला न्यायचाच आहे. हणमंतरावांची जीप आहेच. काय, हणमंतराव?”

“जीप आपलीच की हो!” हणमंतकाका म्हणाले. “पण तिचा क्लच... आणि दसऱ्यात दुकानात गर्दी... सरी, ठीक आहे, बघू या.”

‘बघू या’ हा हणमंतकाकांचा आवडता शब्द. आमच्या गल्लीत तो ‘नाही’ या अर्थाने वापरतात.

“आणि दुसरं असं,” अण्णा म्हणाले, “की सिंकखालच्या नळ्या गळतात. खालची जमीन प्लायवूडची. अशी ओली करत घाट उतरलो तर कारवारला फक्त चाकंच पोचतील. गळती थांबली की निघालोच म्हणून समज.”

मला मसाला डोसा मिळाला. पण तो खाताना चवीकडे माझं लक्षच नव्हतं. मला फक्त एकच शब्द ऐकू येत होता: कारवार.

मी समुद्र पाहिलेला नाही. तुम्ही हसाल, पण बेंगळुरात जन्मलेल्या मुलीने समुद्र कुठे पाहायचा? लालबागच्या तळ्यात? आणि माझी आई तर कारवारची! तिच्या माहेरचं घर समुद्राच्या इतकं जवळ होतं की म्हणे पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीवरसुद्धा मीठ चढायचं. आजी-आजोबा गेले, घर विकलं गेलं, आणि त्यानंतर आईने कारवारचं नाव काढायचंच सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे कसं, तर बाजारात कुणी मासळीची टोपली घेऊन गेली तर ती थांबते. नुसती थांबते, आणि मग भाजीवाल्याशी उगाचच जोरात भांडते.

तर गळती थांबली की समुद्र. इतकं सोपं होतं सगळं. मी त्याच संध्याकाळी सिंकखाली डोकं घातलं.

रचना अगदी साधी होती. बाकाखाली पाण्याची टाकी. टाकीतून एक नळी सिंकखालच्या हातपंपाला. पंपातून दुसरी नळी वरच्या नळाला. दोन्ही नळ्यांना वय झाल्यामुळे बारीक चिरा पडल्या होत्या आणि टोकं सैल झाली होती. पंप मारला की नळातून एक थेंब आणि माझ्या डोक्यावर उरलेलं सगळं पाणी. गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली नवी नळी एक तर त्या परदेशी तोंडावर चढायचीच नाही, नाही तर चढून खुळखुळ हलायची. त्या इंजिनिअरच्या देशात अर्धा इंच निराळा असतो की काय, कोण जाणे.

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काही बिघडलं की ते त्या घराचं राहत नाही. दुसऱ्याच दिवशी डब्यात सल्लागार जमले.

पहिले आले शेजारचे कृष्णाजीमामा. ते रिटायर्ड आहेत. कशातून, ते विचारायचं नसतं, कारण ते सांगायला बसतात. “सफेदा आणि सुतळी,” ते म्हणाले. “पूर्वी सगळं सफेदा आणि सुतळीवर चालायचं. धरणंसुद्धा.” आम्ही सफेद्याचा पांढरा लेप फासला, सुतळी गुंडाळली. गळती तिथली थांबली आणि वीतभर पुढे सुरू झाली.

“पॉपलिन!” हणमंतकाका म्हणाले. “दुकानातून पट्टी देतो. एकदा आवळून बांधली की हत्तीने ओढली तरी सुटत नाही.” पट्टी सुटली नाही, हे खरं. ती फक्त भिजली आणि तिचा निळा रंग नळातून आला. आईने त्या पाण्याकडे पाहिलं आणि “कापडाला रंग चांगला आहे,” एवढंच म्हणाली.

सुनंदाक्कांनी उडदाचं पीठ चुन्यात मळून आणलं. त्यांच्या सासऱ्यांनी म्हणे त्यावर चिकपेटेत अख्खी माडी उभी केली होती. उडीद रात्रभर चांगले फुगले. सकाळी सिंकखाली मुंग्यांची जी रांग लागली, तशी रांग मी आजवर फक्त रेशनच्या दुकानापुढे पाहिली होती.

मग अण्णांनी स्वतः सूत्रं हाती घेतली. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या, ताणून ताणून गुंडाळल्या, वरून क्लिप आवळली. “आता बघ,” म्हणाले आणि अजून एक आटा फिरवला. मग प्रतिष्ठेचा म्हणून आणखी एक. त्या प्रतिष्ठेच्या आट्याला नळीच तुटली. अण्णा सिंकखालून बाहेर आले तेव्हा त्यांचा ऑफिसचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि चष्म्यातून पाणी गळत होतं. बाहेर गल्ली उभी होती. एक इंजिनिअर नसलेला, पण इंजिनिअरांच्या हाताखाली अख्खी हयात काढलेला माणूस अशा वेळी काय बोलणार? अण्णा म्हणाले, “दोष शोधून काढला.”

मला इतकं वाईट वाटलं! शर्टाचं नव्हे. मला दिसत होतं की दसरा जवळ येतोय आणि समुद्र लांब जातोय.

अशा वेळी मैत्रिणी लागतात. रूपश्रीला मी शाळेत रडगाणं ऐकवलं तर ती म्हणाली, “परदेशी नळी ना? माझ्या वेणुगोपाल चिक्कप्पाकडे आहेत की! भेंडोळीच्या भेंडोळी.” चिक्कप्पा म्हणजे तिचे धाकटे काका. ते चर्च स्ट्रीटवर मॅनेजर आहेत. कशाचे मॅनेजर, तर पबचे. त्या दिवसांत बेंगळुरात दर पावलाला एक पब उघडत होता आणि पिंपातली बियर वर खेचणारे पंप सगळे परदेशातून यायचे, नळ्यांसकट.

हे अण्णांना सांगायला धैर्य लागलं. आमच्या घरात पब या शब्दावर बंदी नाही, कारण तो कुणी उच्चारेल अशी कल्पनाच कुणी केलेली नाही. अण्णांनी आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “मागचं दार असेल ना त्यांना?”

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. अण्णांनी कृष्णाजीमामांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा हिरवा चष्मा लावला होता, त्यामुळे ज्यांचं लक्ष गेलं नसतं त्यांचंही गेलं. मी गणवेशात, दोन वेण्या, दप्तर. चिक्कप्पा मागच्या दारीच भेटले, फार मोठ्या मनाने त्यांनी एक नवं आणि एक जुनं, बियरच्या पंपातून काढलेलं, अशी दोन भेंडोळी दिली. नवं आखूड निघालं, म्हणून जुन्यातला एक तुकडा घ्यावा लागला. आणि अण्णा तो मापून बघायला टेबलाच्या शोधात चुकून आत शिरले.

आत अंधार, गार हवा, दुपारी सामसूम. कोपऱ्यातून एक ओळखीचा आवाज थोडे शेंगदाणे मागत होता, “अप्पा, स्वल्प शेंगदाणे कोडी.”

आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात दर वर्षी दारूच्या दुष्परिणामांवर जे व्याख्यान होतं, ते याच आवाजात होतं.

अण्णांनी हिरवा चष्मा काढला. हणमंतकाकांनी बियरचा मग खाली ठेवला आणि लगेच पुन्हा उचलून टेबलाखाली ठेवला. एकाच्या खांद्यावर बियरची नळी, दुसऱ्याच्या मिशीला बियरचा फेस, आणि मध्ये दारात मी, दप्तर घेऊन.

“मी नळीसाठी आलो,” अण्णा म्हणाले.

“मी... मी क्लच थंड होईपर्यंत बसलोय,” काका म्हणाले.

काकांनी मिशी पुसली. मग हणमंतकाका अतिशय मृदू आवाजात म्हणाले, “सूर्यकांत, जीप केव्हा हवी ते फक्त सांग. जीप आपलीच आहे.”

नळी बसली! अशी बसली म्हणून सांगू, टोक गरम पाण्यात बुडवून दाबलं आणि ‘टप्’ असा आवाज झाला. मी पंप मारला. नळाला पाणी आलं, आणि फक्त नळालाच आलं. सिंकखाली कोरडं ठणठणीत! मी डब्याबाहेर येऊन नाचले. कृष्णाजीमामा म्हणाले, “सफेद्याने पाया घातला होता म्हणून.”

पाण्याला जरासा वास होता. आईने दोन वेळा गरम पाणी आणि लिंबू घालून नळ्या धुतल्या, तरी आंबलेल्या इडलीच्या पिठासारखा एक वास राहिलाच. “परदेशी नळ्यांना वास येतो?” तिने विचारलं. “तिकडे थंडी असते ना,” अण्णा म्हणाले. या उत्तरावर मीसुद्धा विचारात पडले.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पुढचं वाक्य ‘आणि मग आम्ही कारवारला गेलो’ असं असायला हवं होतं. पण आपण बेंगळुरात राहतो. आपल्याकडे कावेरीचं पाणी दिवसाआड येतं, तेही पहाटे, तेही त्याला वाटलं तर. आणि पाणी येतं तेव्हा आपण काय करतो? हंडे भरतो, बादल्या भरतो, कुकर भरतो, फुलदाणी रिकामी असेल तर तीही भरतो. अशा गावात न गळणारी टाकी कुणी मोकळी ठेवेल का?

पाणी आल्या दिवशी आईने सहज म्हणून डब्याची टाकी भरली. “प्रवासाच्या वेळी सवय हवी,” म्हणाली. पुढच्या वेळी बाकाखाली दोन पिंपं आली. मग सुनंदाक्कांनी आपलं एक पिंप आणून ठेवलं, “तुमच्याकडे सावली आहे ना!” मग कृष्णाजीमामांचं. मामांनी त्या नळाचं पाणी एकदा प्यायलं आणि म्हणाले, “या पाण्याने माझं पोट हलकं झालं हो. बरेच दिवसांनी.” झालं! गल्लीत बातमी पसरली की सूर्यकांतरावांच्या पाण्यात औषधी गुण आहे. बायका तांबे घेऊन येऊ लागल्या. हणमंतकाका कधीच आले नाहीत. ते लांबून नळाकडे बघायचे आणि घरात जायचे.

डब्यात आता पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याच्या वजनाने चाकं निम्मी मातीत रुतली होती.

मी म्हटलं, “अण्णा, आपण कारवारला जाणार ना?” तर म्हणाले, “जाणार तर! पण आता एवढं पाणी...” आणि तेवढ्यात पाणी खात्याचा माणूस आला.

त्याने आमच्या घरातून डब्यात गेलेला पाइप पाहिला आणि विचारलं, “हे घर की गाडी?” अण्णा म्हणाले, “गाडी.” “मग गाडीत पिंपं कशाला? घर असेल तर निराळं कनेक्शन घ्या, मीटर बसवा. गाडी असेल तर जागची हलवून दाखवा.” अण्णा दुसऱ्या दिवशी वाहनांच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, “इंजिन कुठाय? इंजिन नाही तर ती गाडी कशी?” अण्णा परत पाणी खात्यात. तिथला माणूस म्हणाला, “दसरा झाल्यावर येतो. तोवर ठरवा, घर की गाडी.”

ज्या देशात माणसाला स्वतःचं वय सिद्ध करायला इतका त्रास पडतो, तिथे एका डब्याला आपली जात सिद्ध करता येईना यात नवल काय? पण गल्लीची सभा बसली आणि ठरलं, मीटर बसवणं सोपं. चाकं काढायची, डबा विटांवर चढवायचा, घर म्हणायचं. कृष्णाजीमामांनी विटाही आणवल्या. दसरा झाला की चाकं निघणार.

मी त्या विटांच्या ढिगाकडे बघत उभी राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं. नववीतल्या मुलीचं कोण ऐकतं, म्हणून नाही ओरडले असं समजू नका. कुणावर ओरडायचं तेच कळेना. सगळे खूश होते.

एका दुपारी शाळेतून लवकर आले तर घरात आई नव्हती. डब्याचं दार लोटलेलं. आत गेले. पिंपांमधून वाट काढून आई सिंकपाशी उभी होती आणि एक पेला धूत होती. पेला स्वच्छ होता. ती तो धुवायची, निथळायची, परत साबण लावायची. आणि नळाची धार इतकी बारीक सोडली होती, इतकी बारीक... जी आई मी दात घासताना नळ बंद केला नाही तर बाहेरून हाक मारते, ती आई!

तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. बाहेर कृष्णाजीमामांची कंपाउंडची भिंत होती. त्या भिंतीवर पाहण्यासारखं काहीही नाही, मी नीट पाहिलंय.

“आई?”

ती दचकली नाही. “आमच्या कारवारच्या मोरीला अशीच खिडकी होती गं,” म्हणाली. “इथे एवढ्यावर. भांडी घासताना समोर नुसता समुद्र. आई म्हणायची, हात चालू दे, डोळे जाऊ देत कुठे जायचे ते.”

“मग जाऊ या ना, आई!”

“आता कुठे?” तिने नळ बंद केला. “आणि तुझ्या अण्णांना किती अभिमान आहे या टाकीचा. सगळी गल्ली नाव घेते त्यांचं. टाकी रिकामी करा म्हटलं तर तोंड एवढंसं होईल त्यांचं.”

रविवारी अण्णा नेहमीप्रमाणे डब्याच्या चाकांत सायकलच्या पंपाने हवा भरत होते. दर महिन्याला भरतात. कधी न निघणाऱ्या गाडीला इतक्या निष्ठेने हवा भरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण आता चाकंच निघणार होती, तरी भरत होते.

“अण्णा, तुम्ही हा डबा का घेतला?”

त्यांनी पंप मारणं थांबवलं नाही. “एकदा मी तुझ्या आईला म्हटलं, कारवारला जाऊ, चांगला लॉज बघतो. तर म्हणाली, माझ्या गावात मी लॉजात उतरू? पाहुण्यासारखी?” पंपाचे दोन-तीन दाब गेले. “मग फॅक्टरीच्या स्टोअर्सच्या आवारात हा दिसला. सिंकवर खिडकी होती. म्हटलं, चला, घरच घेऊन जाऊ तिथे.”

“हे आईला सांगितलंत?”

“छे! असं कुणी सांगतं का?”

“मग आता चाकं का काढताय?”

“बघतेस ना, किती खूश आहे ती. तिची मोरी आहे, पाणी आहे, बायका येतात-जातात. कशाला हलवायचं तिला?”

अशी ही आमच्या घरची माणसं! एकाचं मन राखायला दुसरा घरी बसतो, दुसऱ्याचं मन राखायला पहिला. आणि समुद्र तिकडे वाट बघत असतो. त्याला काय, त्याला दुसरं काम नाही. पण मला वाट बघणं जमत नाही. डोळे मिटले की मला ती खिडकी दिसायची, आणि तिच्यात भिंत नसायची.

मी दसऱ्याची वाट पाहिली. म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, आयुधपूजेची. त्या दिवशी बेंगळुरात जे जे चालतं त्याची पूजा होते. सायकल, स्कूटर, बस, शिवणयंत्र, सगळं धुवून, झेंडूच्या माळा घालून, केळीचे खुंट बांधून उभं करतात. आणि पूजेआधी काय लागतं? धुणं. आणि धुवायला काय लागतं?

त्या दिवशी कावेरी आली नव्हती. गल्लीभर कोरडे नळ आणि धुळीने माखलेल्या गाड्या. मी कमरेला ओढणी खोचली आणि घरोघर गेले.

“सुनंदाक्का, जीप अशीच पूजेला? बरं दिसतं का?”

“पाणी कुठाय, पुट्टी?”

“आमच्याकडे आहे की! न्या हवं तेवढं.”

बाळ म्हणायचं तिथे सुनंदाक्का पुट्टी म्हणतात. त्या खूश झाल्या. रूपश्री आणि हेमलता मदतीला होत्याच, त्या बादल्या वाहत होत्या. कृष्णाजीमामांची जुनी सायकल धुतली, जीप धुतली, कुणाच्या स्कूटर, कुणाची ऑटो. पिंपं रिकामी होऊन ज्याच्या त्याच्या दारी गेली तशी मी टाकीची खालची तोटी उघडली आणि शेवटच्या बादलीने आमच्या डब्याला अंघोळ घातली. जाता जाता खिडकीची काचही पुसली. सगळ्या गल्लीच्या गाड्या चकाचक झाल्या आणि त्यांना आंबलेल्या इडलीच्या पिठाचा एक मंद वास येत होता. डब्याची चाकं मातीतून बोटभर वर आली होती. फक्त मलाच दिसलं ते.

मग मी डब्याला माळ घातली, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, आणि अगदी शांतपणे दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं.

पहिल्यांदा सुनंदाक्कांना दिसलं. हातातलं चुरमुऱ्यांचं ताट त्यांनी छातीशी धरलं. “अय्यो देवा! लिंबं ठेवलीस? पूजा पण झाली?”

“हो, झाली की.”

“मग हलवायला पाहिजे गं! लिंबं चिरडल्याशिवाय गाडी उभी ठेवायची नसते. तशीच राहिली तर वर्षभर...” ते वाक्य पूर्ण करायची त्यांची हिंमत झाली नाही. गल्लीतल्या कुणाचीच झाली नाही. सगळे डब्याभोवती जमले.

“लिंबं काढून टाकू या का?” कृष्णाजीमामा म्हणाले.

“पूजेची लिंबं? हातानं?” सुनंदाक्का इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या की मामा दोन पावलं मागे गेले.

“पण त्यात पाणी...” अण्णा म्हणाले.

“नाही पाणी,” मी म्हटलं. “तुमच्या स्कूटरवर आहे ते. आणि मामांच्या सायकलवर.”

आई घरातून आली. हात पदराला पुसत, डब्याकडे बघत उभी राहिली.

मी हणमंतकाकांकडे वळले. “काका, जीप?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग डब्याच्या सिंकच्या बाजूला पाहिलं, जिथून ती नळी जाते. मग सुनंदाक्कांकडे पाहिलं. “जीप आपलीच आहे,” ते घाईघाईने म्हणाले. “मी लावतो. क्लच उत्तम आहे!” कापडाच्या गठ्ठ्यांची ट्रॉली ओढायला त्यांनी जीपला मागे आकडा बसवून घेतला होता. त्यात डबा अडकला. इतका छान अडकला, जणू त्याचसाठी केला होता.

“ठीक आहे,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज जरा निराळा येत होता. “हातभर पुढे घ्या, हणमंतराव, लिंबं चिरडली की परत मागे. विटा तिथेच आहेत.”

काकांनी जीप सुरू केली. मी धावत जाऊन जीपच्या पुढे उभी राहिले.   सगळी गल्ली बघत होती, रूपश्री आणि हेमलता हातातल्या रिकाम्या बादल्यांसकट बघत होत्या. या वेळी त्यांनी काही पैज लावलेली नव्हती.

“आई, अण्णा, ऐका. मी ठरवलंय. गाडी लिंबांवरून जाईल ती थेट कारवारला, मागे येणार नाही; काका नेतील, जीप आपलीच आहे. तांदूळ, स्टोव्ह, अंथरुणं आत भरली आहेत, घराचं कुलूप माझ्या हातात आहे. पाणी खात्याचा माणूस आला तर मामा सांगतील, गाडी होती, गेली. अण्णा, तुम्ही आईला त्या खिडकीबद्दल जे सांगितलं नाहीत, ते वाटेत सांगायचं. नाही तर मी सांगेन. आणि आई, तू काहीही म्हण, लॉजात उतरायचं नाहीये आपल्याला. मोरी आपली आहे, टाकी तिकडे भरू. ती खिडकी मी पुसून बंद करून ठेवलीय. आता ती समुद्रासमोरच उघडायची.”